सुकडीला मुंग्या होतात

आई, ते गाणं माझं नव्हतं. हे मला कळलं ब्राउनश्वाइगच्या एका बागेत, बटाटे काढताना, आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या गाण्यामुळे. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, मी सत्तेचाळीसची झाले. तुझ्याकडून मिळालेलं बाकी सगळं या ना त्या घरबदलात हरवलं, हे एक गाणं तेवढं मी जपलं होतं. तेसुद्धा तू दुसरीसाठी रचलेलं निघालं. रागात लिहितेय, आधीच सांगून ठेवते. तुला माझा राग कधी चालायचा नाही, पण आता ऐकून घे.

माझ्या ऑफिसात, गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या आमच्या विभागात, एक आयरिश बाई आहे, माझ्याच वयाची. तिनं गावाबाहेर एक क्लाइनगार्टन भाड्यानं घेतलंय, म्हणजे मूठभर जमीन, एक लाकडी खोपटं आणि नियमांची ही लांबलचक यादी. सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी तिनं आम्हाला बोलावलं. मी, माझी दहा वर्षांची लेक आणि तीन महिन्यांसाठी इकडे आलेल्या माझ्या सासूबाई. सासूबाई उस्मानाबादकडच्या. माती बघितल्याबरोबर पदर खोचून बसल्या आणि आमच्या दोघींच्या दुप्पट बटाटे काढून मोकळ्या झाल्या. त्या मराठीत बोलत होत्या, ती जर्मनमध्ये, आणि दोघींचं उत्तम चाललं होतं. पहिल्या रोपाखालचा सगळ्यात मोठा बटाटा त्या बाईनं पुसला आणि परत मातीत ठेवून दिला. आमच्या घरी असंच करतात, म्हणाली. आणि मग खाली बसून ती तिच्या भाषेत गायला लागली.

शब्द एक कळला नाही. संपल्यावर तिनं अर्थ सांगितला. तिकडे फार पूर्वी बटाट्यावर रोग पडला, शेतंच्या शेतं काळी पडली, माणसं रस्त्याकडेला मेली. गाण्यातली बाई मेलेल्या लेकीला हाक मारते, घरी ये, चूल पेटवलीय, पातेलं रिकामं आहे पण तू ये. "आमच्या घरात उपासमारीबद्दल कुणी बोलायचं नाही," ती म्हणाली. "लाज वाटायची. मेलेल्यांची नावंसुद्धा घ्यायचे नाहीत. फक्त हे गाणं. आणि हे लहान मुलांजवळ म्हणायचं नाही, आजीचा कडक नियम." मी गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, करत मान हलवली. मग ती म्हणाली, आता तुमच्याकडचं काहीतरी म्हण. मला दुसरं काय येतंय. मी तुझं म्हटलं.

तुला आठवतं ना? पहिल्या ओळीत माझं नाव. मग, निजली गं निंबाखाली. मग, हातातल्या सुकडीला मुंग्या लागल्या, सयांनो. मग, ऊठ म्हणते तर उठंना. आपल्या पुण्यातल्या एका खोलीच्या घरात तू भाकऱ्या थापायचीस आणि हे म्हणायचीस, मी ओट्याखाली डब्यांना टेकून बसलेली. ऊठ म्हणते तर उठंना, हे आलं की मी खुदकन हसायचे, कारण मी महा झोपाळू पोर, आणि मला वाटायचं तू माझीच थट्टा करतेयस. जर्मनीला शिकायला निघाले तेव्हा बाकीच्यांच्या आयांनी लोणची दिली, तू दिलीस एक कॅसेट. "झोप नाही लागली तर ऐक." शेवटी कुकरची शिट्टी होते आणि तू बाबांना म्हणतेस, बास, बंद करा आता. कार्ल्सरूहेच्या त्या थंडगार खोलीत किती दिवस मी तुझ्या आवाजावर काढले, तुला काय माहीत. पुढे ती कॅसेट मी फोनवर उतरवून घेतली. माझी लेक त्याच गाण्यावर झोपत आली, पाळण्यापासून.

मी गात होते आणि सासूबाईंचे हात थांबले. पूर्ण होऊ दिलं त्यांनी, मग म्हणाल्या, "अगं, हे तू पोरीला झोपवायला म्हणतीस?" मी म्हटलं, "अहो आई, आमच्या घरची अंगाई आहे ती." त्या म्हणाल्या, "अंगाई कुठली. हेल हाय हा. आमच्याकडं बाया मढ्यापाशी बसून काढत्यात असा. चाल मोडून मोडून, नाव घेऊन. आन् सुकडी म्हंजी भात्तरचा दुष्काळ. खडी फोडायच्या कामावर वाटायचे लेकरांस्नी. मी खाल्लीय." मग माझ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, पुढचं गिळलं आणि पुन्हा बटाटे पुसायला लागल्या.

आई, मी टेस्टिंगमधली बाई आहे. खोट काढायचे पैसे मिळतात मला. आणि घरातली एवढी मोठी खोट चाळीस वर्षं दिसली नाही. दुष्काळ माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधीचा. मग माझं नाव त्यात कसं? दुसऱ्या दिवशी मामाला व्हिडिओ कॉल केला. त्यानं आधी ताकास तूर लागू दिली नाही, मग म्हणाला, आता काय करायचंय तुला ते उकरून. मी म्हटलं, मामा, तू सांगितल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही. तेव्हा त्यानं सांगितलं. माझ्याआधीची तुझी लेक, माझ्याच नावाची, अडीच वर्षांची होती. तू आणि तो खडी फोडत होतात, ती निंबाखाली सुकडीची पुडी घेऊन बसलेली. दोन दिवस हगवण लागली होती. दुपारी कुणीतरी तुला सांगायला आलं, पोर हलवली तरी उठत नाही. तू म्हणालीस, झोपू द्या, एवढा ढीग पुरा करते. संध्याकाळी उचलायला गेलीस. लहान लेकरू म्हणून जाळलं नाही, तिथंच पुरलं. मी विचारलं, बाबांना माहीत होतं? मामा म्हणाला, "त्यांची पण लेक होती की ती." तू सगळ्यांना शपथ घातली होतीस, मला कळू द्यायचं नाही म्हणून. सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले आणि मी एकटी तेवढी वेडी ठरले.

आता एकेक गोष्ट उलगडतेय आणि प्रत्येकीनं माझा संताप वाढतोय. मी दुसरीत असताना मैत्रिणीच्या घरून वाटीभर सुकडी आणली होती, तूप-गुळाची, गोड. तू माझ्या हातावर फटका मारलास, वाटी मोरीत गेली. "ही घरात आणायची नाही." मी रडत रडत का म्हणून विचारलं तर म्हणालीस, "मुंग्या होतात." मी ते खरं मानलं. आजही डब्याचं झाकण दोनदा दाबून बघते. मी दुपारची झोपले की तू हलवून उठवायचीस, परीक्षा असो, ताप असो. सहलीला गेलो की झाडाखाली आडवं होऊ द्यायची नाहीस. मला वाटायचं माझी आई किती काळजी करते माझी. माझी करत होतीस का? त्या नावानं हाक मारताना तुझ्या डोळ्यांसमोर कोण यायचं? केसानं गळा कापलास तू माझा. तू दुःख लपवलंस त्याचा राग नाही मला, दुःख लपवायचा तुला हक्क होता. पण तिचं नाव मला ठेवलंस, तिचं रडणं मला दिलंस, आणि वर सांगितलंस की हे तुझंच आहे. त्या आयरिश बाईच्या आजीनं निदान पोरांसमोर तोंड बंद ठेवलं. तू मला रोज मांडीवर घेऊन ऐकवलंस, आणि मी तुझ्यासमोर हसत होते. मी हसायचे तेव्हा तुला काय वाटायचं, हे मला विचारता यावं म्हणून तरी तू थांबायला हवं होतंस.

तू ढीग पुरा करायला थांबलीस, ते कळतं मला. माप भरलं नाही तर घरी काय शिजणार होतं. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नव्हते, अगदी एक शब्द नाही. सांगून तर बघायचं होतंस.

तीन आठवडे मी ते गाणं बंद ठेवलं. फोनमधूनही काढून टाकणार होते, बोट तिथवर नेलं होतं. सासूबाई हल्ली मला जेवायला दोनदा वाढतात. काल शाळेतून आल्यावर लेकीला ताप होता. सोफ्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि जर्मनमध्ये म्हणाली, आजीचं गाणं म्हण ना. मराठी सगळं कळतं तिला, बोलायचं मात्र नाव नाही. मी दुसरं काहीतरी गुणगुणले, तर म्हणाली, हे नाही, झाडाचं. म्हटलं मी. सगळं म्हटलं, नावासकट. गाताना पहिल्यांदाच ती अडीच वर्षांची पोर दिसली मला, आणि तिच्या कपाळावर हात ठेवावासा वाटला. मग माझ्या लेकीनं डोळे न उघडता विचारलं, त्या झाडाखाली झोपलेली मुलगी कोण, ममा? तूच ना?

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून इथे कबूल करते. मी म्हटलं, हो. मीच.