भिंतीजवळची खूण

किंग्स्टन,
१२ सप्टेंबर १९७१

प्रिय लिनवल,

तू, काकू आणि तुझा कांद्याच्या पातीचा मळा, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. तिकडे यंदा पाऊस बरा झाला म्हणे.

आमचं उत्तम चाललंय. आपलं गाणं सात आठवडे रेडिओवर पहिलं आहे. पुढच्या महिन्यात लंडन. आपल्या एगबर्टने त्यासाठी काळा कोट शिवलाय, त्यात तो थेट पाद्री दिसतो. तुझ्या जागी नवा माणूस घेतलाय. गातो बरा.

मी टेकडीवर घर घेतलं. इथे कुणी कुणाला हाक मारत नाही. जेवताना मी तुझी वरची पट्टी गुणगुणून बघतो. जमत नाही.

परवा ट्रेंचटाउनच्या आपल्या जुन्या आवारात गेलो. मिस बर्डी नळावर कपडे धूत होती. म्हणाली, "आला गं बाई मोठा गवई! काय रे मेल्या, या नळावर तीन तोंडं बोंबलायची, तबकडीत दोनच कशी? तिसरं गिळलंस की काय?" बायका हसल्या. मीही हसलो, आणि पाणी न पिताच निघालो.

आता सांगतोच. स्टुडिओत तिघांना माइक एकच. ज्याचा आवाज मोठा तो मागे, हा नियम. तालमीत इंजिनियरने तुझ्यासाठी माझ्या एक पाऊल मागे खडूने खूण केली. करताना तो म्हणाला, "खरा आवाज याचा!" मला ते झोंबलं. तू आणि एगबर्ट बर्फाचा गोळा खायला बाहेर गेलात, इंजिनियर वादकांच्या गडबडीत होता. मी ती खूण बुटाने पुसली आणि माइकपासून लांब, पार भिंतीजवळ दुसरी काढली. तू परत येऊन, इंजिनियरनेच हलवली असेल असं समजून, तिच्यावर उभा राहिलास. एका दमात गाणं उरकलं.

तबकडी ऐकून तू म्हणालास, "ऑस्बर्न, माझा आवाजच गेला रे." मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "होतं असं." आठवड्याने तू गावी गेलास. मी तुला बसपर्यंत पोचवलंसुद्धा.

तुझा आवाज गेला नव्हता, लिनवल. माफी मागायला तोंड नाही. पण काकूंनी पत्रात लिहिलंय, तू चर्चमध्येही ओठ मिटून बसतोस. तसं करू नकोस. गा, आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहून गा.

तुझ्यापुढे उभा राहण्याच्या हट्टापायी एकटा पडलेला,
ऑस्बर्न