तीन युनिटांचं दुकान

४ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. दुकानाच्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितो आहे. कोरी बिलं भरपूर आहेत.

निश्चय: गच्चीवर सोलार बसवायचं. तीन महिन्यांच्या आत.

कारण: हिचा गुडघा. डॉक्टरीणबाईंनी काल साफ सांगितलं, जिना बंद. आमचं राहणं वर, न्हाणीघर आणि संडास खाली, दुकानाच्या मागे. मध्ये सतरा पायऱ्या. घरी येताना ही म्हणाली, अहो, दुकानाची खोली रिकामी करा, माझा पलंग खाली आणू, दुकान तसंही...

पुढचं मी ऐकलं नाही. चाळीस वर्षांचं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ, मिक्सर, पंखे, इस्त्र्या. कुठल्या शाळेत न जाता, वस्तू उघडून उघडून शिकलो. सध्या जरा मंदी आहे, एवढंच.

माझा उपाय: जिन्याला विजेवर चालणारी खुर्ची. मोटर माझ्याकडे पडून आहे. वीज सूर्याची. ही दिवसातून वीस वेळा वर-खाली करो, बिल शून्य. सापही मरेल आणि काठीही शाबूत राहील.

६ मार्च

सोलार कंपनीचा माणूस आला. एवढ्या उन्हात टाय. त्यानं समजावलं: घरासाठी लावाल तर सरकार चाळीस टक्के परत देतं, उरलेल्याला कमी व्याजाचं कर्ज. दुकानासाठी लावाल तर अनुदान नाही, पण बँकेचं धंद्याचं कर्ज आणि वर करात सूट. यातलं कुठलं हवं?

म्हटलं, दोन्ही.

म्हणाला, काका, गच्ची एकच आहे ना?

म्हटलं, अर्धी अर्धी करू. वर घराचा मीटर, खाली दुकानाचा मीटर, दोन मीटर आहेत माझे. टायवाल्यानं टाय सैल केला. माझ्या हिशेबानं गार पडला.

मुलीचा फोन. ती म्हणाली, बाबा, करातली सूट नफ्यावर मिळते. नफा आहे का?

लाइन नीट लागत नव्हती. ठेवला.

११ मार्च, दुपार

दोन फायली केल्या. पिवळी घराची, निळी दुकानाची.

पिवळ्या फॉर्मवर रकाना: इमारतीत कोणताही व्यवसाय चालतो काय? लिहिलं: नाही. तळमजल्यावरच्या खोलीचा वापर? लिहिलं: झोपण्यासाठी. यात खोटं काही नाही. दुपारी तासभर मी तिथंच डुलकी काढतो.

निळ्या फॉर्मवर रकाना: व्यवसाय सुरू आहे काय? लिहिलं: जोरात. रोजचे ग्राहक? लिहिलं: पंधरा ते वीस. समोरचा शिंपी रोज पेपर वाचायला येतो. त्याच्यापासून मोजायला सुरुवात केली.

सोबत दुकानाची वर्षभराची वीजबिलं जोडली. दर महिन्याला किरकोळ रक्कम. याला म्हणतात काटकसरीचा कारभार! बँक खूश होणार.

हिनं पिवळी फाइल वाचली. दोनदा वाचली. संध्याकाळी हिची उशी दुकानाच्या काउंटरवर दिसली. वर नेऊन ठेवली.

१९ मार्च

खुर्चीची पहिली चाचणी. वॉशिंग मशीनची मोटर, दोन कप्प्या, दोर. खुर्चीवर माणसाऐवजी जुन्या ट्रान्सफॉर्मरांची गोणी बसवली. वजन साधारण हिच्याएवढं. (हे हिला सांगितलेलं नाही.)

चार पायऱ्या झकास गेली. पाचवीवर थांबली, जरा विचार केला, आणि चारही पायऱ्या एका दमात उतरली. फ्यूज उडाला. कठड्याची एक दांडी तुटली.

ही वरच्या पायरीवर हातात टॉवेल घेऊन उभी होती. म्हणाली, झालं असेल तर मी आंघोळीला जाऊ का? भिंत धरून, एकेक पाय जुळवत उतरली. शेवटी गोणी ओलांडताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

निश्चय: उद्यापासून मोठी कप्पी.

२ एप्रिल

मोठी कप्पी मिळाली नाही.

शिंपी म्हणाला, मेकॅनिक, बायकोला सॅटेलाइटसारखं उडवण्यापेक्षा पलंग खाली आणा ना. त्याला सांगितलं, तू कापड काप. म्हणाला, ते तरी चालू आहे माझं. मग पेपर घेऊन गेला. पेपर माझा होता.

१४ एप्रिल

पत्रं आली. दोन्ही एकाच दिवशी! घरच्या अनुदानासाठी वीज कंपनीचे साहेब २२ तारखेला सकाळी अकराला पाहणीला येणार. धंद्याच्या कर्जासाठी बँकेच्या बाई त्याच २२ ला दुपारी चारला.

दुसरा असता तर हातपाय गाळून बसला असता. मी वेळापत्रक केलं.

९ ते १०: दुकान आवरून पलंग आत. ११: पिवळी फाइल. १ ते ३: पलंग बाहेर, दुकान परत. ४: निळी फाइल.

हिला सांगितलं, फक्त एका दिवसासाठी पलंग खाली आणायचा आहे. ही म्हणाली, हो का. चेहऱ्यावर काही नाही. पण लगेच वरची गादी उन्हात टाकली.

२२ एप्रिल, सकाळी १०

शिंप्याला मदतीला बोलावलं. पलंगाचे पाय काढून खाली आणला, परत जोडला. दुकानाच्या वस्तू काउंटरखाली, वर चादर. हिनं स्वतः येऊन खिडकीला पडदा लावला. मी म्हटलं, एवढ्यासाठी पडदा कशाला. ही म्हणाली, साहेबांना खरं वाटायला नको?

मोठी हुशार बाई. चाळीस वर्षं माझ्यासोबत राहिली आहे.

२२ एप्रिल, दुपारी १२

साहेब आले, गेले. गच्ची पाहिली, सावली मोजली, उत्तम म्हणाले. खाली आले तर ही पलंगावर, पाय उशीवर. साहेब म्हणाले, आजींना त्रास दिसतो. ही म्हणाली, वर चढवत नाही हो आता, बरं झालं यांनी खोली केली. इतकं बेमालूम बोलली की क्षणभर मलाही माझा अभिमान वाटला.

एकच खुसपट निघालं. साहेब म्हणाले, खोली घरगुती आहे तर इथं दुकानाचा मीटर कशाला? तो परत करण्याचा अर्ज द्या, मग अनुदान मोकळं. म्हटलं, देतो की. द्यायचं म्हटलं म्हणजे आजच द्यायचं असं थोडंच!

२२ एप्रिल, दुपारी ३

अडचण. ही झोपली आहे.

दीडला हाक मारली, हूं म्हणाली. दोनला मारली, तेही नाही. तोंड किंचित उघडं. घोरते आहे. गुडघा दुखायला लागल्यापासून दुपारी झोपलेली पाहिली नव्हती हिला. कपाळावरची आठी गेली आहे. कधीपासून होती कुणास ठाऊक.

शिंपी पलंगाची एक बाजू धरायला आला होता. दारातून पाहिलं आणि चपला हातात घेऊन परत गेला.

दहा मिनिटांनी उठवतो.

२२ एप्रिल, संध्याकाळ

उठवलं नाही.

बाई चारच्या ठोक्याला आल्या. मी ओठावर बोट ठेवलं. हळूच म्हटलं, आमचा स्टाफ. सकाळची पाळी झाली, विश्रांती चालू आहे. बाईंनी पलंगाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, काउंटरवरच्या केसांच्या तेलाच्या बाटलीकडे पाहिलं.

त्याही कुजबुजत बोलल्या. चांगल्या घरच्या असाव्यात. निळी फाइल उघडून म्हणाल्या, काका, तुमची बिलं बघितली. दुकान महिन्याला तीन युनिट वीज वापरतं. जी रक्कम येते ती मीटरच्या भाड्याची आहे.

म्हटलं, काटकसर.

म्हणाल्या, जेवढा वापर तेवढंच सोलार मंजूर होतं. तीन युनिटांना एका पॅनेलचा विसावा भाग पुरतो. त्याला कर्ज कसं देऊ? सोल्डरिंग गन तासभर रोज चालली असती तरी आकडा याहून मोठा आला असता. काका, वर्षभरात काही दुरुस्तीला आलं का?

मी म्हटलं, तीन युनिट म्हणजे दिवा. आणि माझा रेडिओ. मी बसतो ना इथं रोज, दहा ते सात.

बाईंनी हळूच फाइल मिटली. चेन वाजू नये म्हणून पिशवी उघडीच ठेवून गेल्या.

मीटर बहुधा मंद झाला असेल. यंत्र आहे, होतं. उद्या तपासतो.

२३ एप्रिल

मीटर तपासला. दिवा, रेडिओ लावून घड्याळ धरून बसलो.

बरोबर आहे.

२५ एप्रिल

पलंग वर न्यायचा राहिला आहे. शिंप्याची कंबर धरली आहे. (कापड उचलतानाची दिसते.)

ही म्हणाली, न्यायचा असेल तर सांगा, मी आधी वर चढून बसते. आणि उठून खरंच जिन्यापाशी गेली, कठड्याच्या तुटलेल्या दांडीजवळ हात ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, बस गं, सध्या राहू दे.

मीटर परत करण्याचा अर्ज आणून ठेवला आहे. एका ओळीचा आहे. चष्मा सापडत नाही.

२८ एप्रिल

चष्मा कपाळावर होता. सही केली. अर्जावर कारण विचारलं होतं. 'व्यवसायाचे स्थलांतर' असं लिहिलं. स्थलांतर म्हणजे दुकान वरच्या खोलीत. वारा जास्त, उजेड जास्त. गिऱ्हाईक सतरा पायऱ्या चढून येईल. ज्याला गरज आहे तो चढतोच.

६ मे

मीटर नेला. दहा मिनिटांचं काम. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. हिनं तिथं आरसा लावला.

मी अवजारं वर नेली. सतरा पायऱ्या, अकरा खेपा. गुडघा करकरतो आहे. माझा. हवा कोरडी आहे, त्यामुळे असावं.

१८ मे

सोलार बसलं! सहा पॅनेल. अनुदान मंजूर, उरलेल्याचं घरगुती कर्ज, हप्ता विजेच्या जुन्या बिलाएवढाच. मुलीनं माझ्या फोनवर ॲप घालून दिलं. आजचं उत्पादन चौदा युनिट. दुकानाचं पाच महिन्यांचं एका दिवसात!

गल्लीत सर्वांना सांगितलं, आमच्याकडे आता पंखा थांबणे नाही. शिंपी म्हणाला, दुकान थांबलं तरी?

त्याला पेपर दिला नाही.

२७ मे, दुपार

आज वीज गेली. गल्लीत सगळीकडे. मी ऐटीत खाली येऊन पंख्याचं बटण दाबलं.

नाही.

वर लख्ख ऊन, सहा पॅनेल तळपत आहेत, ॲपवर भोपळा. टायवाल्याला फोन केला. म्हणाला, काका, लाइन गेली की आपलं सोलारही आपोआप बंद होतं. नाहीतर तारेवर काम करणाऱ्या माणसाला आपली वीज बसेल. बॅटरी घेतली नाहीत ना तुम्ही. पान सातवर लिहिलंय, खाली तुमची सही आहे.

चाळीस वर्षं मेकॅनिक आहे मी. पान सात वाचायचं राहिलं.

ही म्हणाली, घाम पुसा आणि शटर वर करा, वारा तरी येईल. तीन आठवडे बंद होतं. कुरकुरत वर गेलं. वारा आला. पडदा हलला. ही पलंगावर पाय पसरून म्हणाली, बघा, हे बिनकर्जाचं.

शटर उघडं बघून शिंपी आला. हातात लहान ट्रान्झिस्टर. म्हणाला, मेकॅनिक, उघडलंत वाटतं, हा बोलत नाही बघा. वर्षभरातलं पहिलं काम! बसायला काही नव्हतं. हिनं पलंगाशेजारची खुर्ची दाखवली. जिन्यावर चढणार होती तीच. पायांत दोर अजून तसाच.

अवजारं वर. सतरा पायऱ्या. नुसत्या नखानं मागचं झाकण काढलं. सेल उलटे घातले होते. सुलटे केले. बोलायला लागला.

शिंप्याला सेल उलटे आहेत हे कळत नसेल असं मला वाटत नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि ही पडद्याकडे बघत होती.

शिंप्यानं दोन नाणी पुढे केली. मी हात पुढे केला, तर हिनं आधी घेऊन उशीखाली ठेवली.

जागेचं भाडं, म्हणाली.