घटाची माती मीच आणणार

जळकोट,
१२ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आण्णांस,

तुमची धाकटी बहीण शारदा हिचा शिरसाष्टांग नमस्कार. नमस्कार नेहमीचाच आहे, पुढचं पत्र तसं नाही. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते. अक्षर आईच्या वळणाचं आहे, तेव्हा फाडणार नाही एवढा भरवसा आहे.

इकडे पाऊस बरा आहे. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय. मी सकाळ-संध्याकाळ बांधापर्यंत फिरते आणि दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ खाते. डॉक्टरांनी हे आपलं रोजचंच जेवण पथ्य म्हणून सांगितलं, तेव्हा हसूच आलं.

काल अंबादास आला. आपला चुलतभाऊ असून दारातच उभा राहिला, चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, "ताई, आण्णांचा निरोप हाय. यंदा शेतातली माती तेवढी द्या, घटाला हात लावू नका. आन् ह्ये पंचगव्य घ्या, म्हंजे शुद्धी व्हईल." बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि गेला.

आण्णा, आई गेल्यापासून तुळजापूरच्या घरात घट मी बसवते. आपल्या शेतातली काळी माती मी नेते, धान्य मी पेरते. मूत्रपिंडाचा कॅन्सर कळला त्या वर्षीही बसवले. तेव्हा तुम्ही अडवलं नाही. तुमचं अडलं ते त्या कॅप्सूलवर.

गावभर अर्धवटच पसरलंय, म्हणून एकदा नीट सांगते. मला सलाइनमधून देतात ते औषध शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला मोकळं करतं. माझ्या शरीरानं त्याला दाद दिली नाही. आधी अँटिबायोटिक्सचा मारा झाला होता, त्यात पोटातले चांगले जंतू गेले असावेत, आणि ते नसले की हे औषध कमी लागू पडतं, असा डॉक्टरांचा अंदाज. पुण्यात त्यावर अभ्यास चालू आहे. निरोगी माणसाच्या शौचातले जंतू तपासून कॅप्सूलमधून देतात. घटाला आपण दरवर्षी नवी माती घेतो, तसंच. मी सही केली आणि गिळल्या. पहिल्या दिवशी लाज वाटली. मग स्कॅनमधली वाढलेली गाठ आठवली आणि लाज गेली.

तुमच्या पंचगव्यात गाईचं शेण आणि गोमूत्र असतं ना? गाईचं चालतं, मग माणसाचं, तेही तपासलेलं, का चालत नाही? सध्या न तपासलेलं काही मला पोटात घ्यायचं नाही. बाटली कढीपत्त्याच्या झाडाला ओतली. झाड खूश आहे.

वहिनींकरवी तुम्ही विचारलंत, "कुणाचं होतं? कुठल्या जातीचं?" हे फार लागलं मला. कुणाचंही असतं, कुठल्याही जातीचं असतं, मी हात जोडून घेतलं असतं.

पण विचारलंच आहे तर ऐका. इतका वेळ टाळत आले.

अनिरुद्धचं. तुमच्या अनिरुद्धचं. परीक्षेला म्हणून पुण्याला गेला, तो परीक्षेला नव्हता. मला दवाखान्यात नेताना त्यानंच डॉक्टरांना विचारलं, घरचा माणूस चालेल का म्हणून. सगळ्या तपासण्यांत पास झाला. मी म्हटलं, नको रे, आण्णांना कळलं तर? तर म्हणतो, "आत्या, रोज वायाच जातंय की. तुझ्या कामी आलं तर लई झालं." दवाखान्याच्या बाकावर मी हसता हसता रडले. हे पत्रही त्याला विचारूनच लिहितेय. म्हणाला, माझं नाव घालूनच लिही.

मागच्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली नाही. कशामुळे, ते डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. बरी झाले असंही नाही. भीती वाटते, आण्णा. पुढच्या वर्षीचे घट मला दिसतील की नाही, ठाऊक नाही. म्हणूनच यंदाचे सोडणार नाही.

माती एकटी येणार नाही. घटस्थापनेच्या सकाळी पहिल्या एसटीनं मी ती घेऊन येते. शुद्धी करायचीच असेल तर आधी तुमच्या लेकाची करा, मग वहिनींच्या हातच्या भाकरीची करा, कारण ती खाऊनच तो वाढला. तेवढं झालं की माझ्याकडे वळा. आणि ते जमणार नसेल, तर देवघरात माझा पाट मांडून ठेवा.

तुमच्याच घरचं अन्न पोटात वागवणारी,
शारदा