येऊ का?

२ मार्च, रविवार

आलो एकदाचे. ट्रकवाल्याने सामान उतरवलं, कपाट दारात अडकवलं, ह्यांची बोलणी खाल्ली आणि चहा पिऊन तो निघाला. मी सवयीने दारात उभी राहून "या हं पुन्हा" म्हटलं, तर बिचारा दचकलाच. त्याला वाटलं, बाईंना इतक्यात परत घर बदलायचंय.

घर लहान आहे, पण हवेशीर. पुढे बैठकीची खोली, मध्ये निजायची, मागे स्वयंपाकघर. वर पोटमाळा आहे. त्याची झडप स्वयंपाकघराच्या छताला आहे, शिडी लावली की चढता येतं. मागे अंगणात नळ, कपड्यांच्या दोऱ्या आणि कुंड्यांसाठी ऐसपैस कट्टा. रस्ता आमच्या फाटकाशी संपतो, पुढे नुसतं गवत. हे म्हणाले, सगळा जन्म बस शेवटच्या स्टॉपला नेण्यात गेला, आता राहायलाही शेवटचाच स्टॉप मिळाला.

हे कंडक्टर होते. नोकरी सुटली, पण कंडक्टर काही सुटला नाही. जेवायला उशीर झाला की ताटलीवर चमच्याने डबल बेल मारतात. अर्थात मला बोलायला तोंड नाही. मी वाचायला शिकले ती ह्यांच्या उरलेल्या तिकिटांवरची अक्षरं लावत लावत.

लेकीने फोनवर बजावलंय की तुम्ही दोघं मिळून कसंबसं एक धड माणूस होता, तेव्हा शिडीवर चढायचं नाही. हे हो म्हणाले. ह्यांच्या हो म्हणण्याला काय अर्थ असतो ते मी जाणून आहे.

५ मार्च, बुधवार

घर आम्ही घेतलंय हे इथल्या जिवांना कुणी कळवलेलं दिसत नाही. पारव्यांनी न्हाणीघराच्या खिडकीत संसार थाटलाय. मुंग्यांनी साखरेचा डबा शोधला आणि तासाभरात सगळ्या नात्यागोत्याला कळवलं. खारीने दोरीवरचे ह्यांचे मोजे पळवले. नवे नेले, भोकाचे ठेवले. हे म्हणाले, बाईला पारख आहे. दिव्यामागे एक पाल आहे, ती मी काही बोलले की गप्प आणि हे बोलले की चुकचुकते. या घरात आपली बाजू घेणारं कुणीतरी आलं म्हणून हे भलतेच खूश आहेत.

पण खरी डोकेदुखी वेगळीच. कुंड्या रोज कुणीतरी उकरतं. माती बाहेर आणि रोप कट्ट्यावर आडवं. गंमत म्हणजे रोपांची मुळं अगदी स्वच्छ असतात, कुणी बसून निवडल्यासारखी. पोटमाळ्यावरही खुडबुड चालते. शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या की घूस असणार, पिंजरा लावा आणि पिंजऱ्यासकट पिंपात बुडवा, आम्ही तेच करतो. त्या गेल्यावर हे म्हणाले, विनातिकीट सापडला तर उतरवायचा असतो, बुडवायचा नसतो.

पिंजरा आणलाय. लोणी लावलेला पाव आत ठेवलाय. हे त्याला "स्टॉप" म्हणतात.

८ मार्च, शनिवार

सापडलं एकदाचं. पण त्याला घूस कशी म्हणायची ते मला अजून कळलेलं नाही. मांजराएवढं, राखाडी, शेपूट कुठे दिसेना. ओरडणं नाही, धडपड नाही. पाव तसाच. पुढचे दोन्ही पंजे गजावर एकावर एक ठेवून बसलं होतं आणि दवाखान्यात नंबरची वाट बघणारी माणसं बघतात तसं आमच्याकडे बघत होतं. मी म्हटलं, अहो, ही घूस नव्हे. हे म्हणाले, म्हातारी घूस असेल, वयाने समजूतदार झालेली.

पिंजऱ्यावर चादर टाकून बसने निघालो. कंडक्टरने काय आहे विचारलं, तर ह्यांनी "सासूबाई" म्हणून सांगितलं. सगळी बस हसली. मी ह्यांना कोपराने ढोसलं.

दुसऱ्या टोकाच्या शेवटच्या स्टॉपच्याही पुढे, ओढ्याच्या पलीकडे ह्यांनी पिंजऱ्याचं दार वर उचललं. ते सावकाश बाहेर आलं, थोडं चाललं, थांबलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून, आता काय सांगू, निघूनच गेलं, "या हं."

हे हसता हसता गवतात बसले. "अगं, घूस आहे ती. व्याही नव्हेत आपले."

परत येईपर्यंत हसत होते. मीही हसले. पण माझा तरी काय दोष? आपण निघताना "येते" म्हणायचं आणि दुसरा निघाला की "या". "जा" म्हणजे कायमचं जा, ते शत्रूलाही दारातून म्हणायचं नाही, हे आईने इतकं पक्कं केलंय की तो शब्द ओठांवर येतच नाही.

एकच जरा खटकलं. ते पळालं नाही. आम्ही ओढा ओलांडून वळून पाहिलं तेव्हाही ते तिथेच उभं होतं, मान तिरकी करून, काहीतरी नीट लक्षात ठेवत असल्यासारखं.

१० मार्च, सोमवार

दोन दिवस कुंड्या शाबूत. हे छाती पुढे काढून फिरताहेत.

दुपारी चहाच्या सुमारास मी भांडी घासत होते. मागच्या दाराबाहेरून कुणी म्हणालं, "येऊ का?" आवाज ना बाईचा, ना पुरुषाचा. शब्द बरोबर, पण लहान मूल नवा शब्द जिभेवर घोळवून बघतं तसा. मला वाटलं, शेजारच्या बाईंचा घसा बसला असेल. हात साबणाचे, म्हणून मी ओ द्यायच्या आत हे न्हाणीघरातून, तोंडाला दाढीचा फेस असतानाच, ओरडले, "या, या, दार उघडंच आहे."

हात पुसून गेले तर दारात कुणी नव्हतं. पायपुसणं तेवढं ओलं होतं. संध्याकाळी शेजारच्या बाई भेटल्या. घसा ठणठणीत. दुपारभर बँकेच्या रांगेत होत्या म्हणे.

१२ मार्च, बुधवार

पोटमाळ्यावर पुन्हा वस्ती झालीय. आता खुडबुड नाही. काहीतरी जड सावकाश खाली टेकतं आणि उसासा टाकतं, दमलेलं माणूस खुर्चीत बसावं तसं. सकाळी ह्यांनी घसा खाकरला. जरा वेळाने वरूनही कुणी खाकरलं. हे म्हणाले, रिकामं घर घुमतं.

मग मी कपबश्या पुसताना गुणगुणत होते. मध्येच थांबले. वरचं गुणगुणणं आणखी थोडं चाललं, आणि चूक लक्षात आल्यासारखं थांबलं.

ह्यांना म्हटलं, अहो, हे आपणच ओढवून घेतलंय. मी तिथे "या" म्हटलं, तुम्ही इथे "या, या" म्हटलंत. आता कोण घालवणार त्याला? हे म्हणाले, मग तू एकदा "जा" म्हणून टाक, मिटलं. मी मोरीपाशी उभी राहून म्हणून पाहिलं. पाण्याला म्हटलं. तर तोंडातून "जाऊन या" निघालं. हे म्हणाले, राहू दे, उतरवायचं काम कंडक्टरचं.

१३ मार्च, गुरुवार

हे चढले. लेकीला कळलं तर आमच्या दोघांची खैर नाही. भर दुपारी, एका हातात विजेरी, एका हातात छत्री. मी खाली शिडी धरून. वरून ह्यांचा खणखणीत आवाज आला, "चला, उतरून घ्या, शेवटचा स्टॉप." मला हसू फुटलं.

मग वर काहीच वाजेना. मी हाका मारल्या. अहो, अहो. शिडी धरून धरून हात भरून आले.

मग उतरले. म्हणाले, "काही नाही वर." विजेरी वरच राहिली होती, छत्रीही. मी त्यांचं विचारलं. ह्यांनी आधी झडप नीट बसवली आणि कडी घातली. ह्यांनी उघडलेलं दार पुन्हा लावलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. कपाटं, डबे, फाटक, सगळं मीच लावत आले.

१५ मार्च, शनिवार

हे फार शांत झालेत. चहा पितानाचा फुर्र आवाज नाही. ताटलीवर बेल नाही. पाव दोन्ही हातांत धरून कडेकडेने खातात. पलंगाच्या कठड्यावर एकावर एक हात ठेवून बसतात आणि मी जिकडे जाईन तिकडे मान फिरवतात. पाल दिव्यामागून निघून गेलीय. पारवेही.

लेक फोनवर खूश. बाबा किती सुधारलेत म्हणाली, आता मध्येच तोडत नाहीत, सगळं ऐकून घेतात. ऐकून घेतात हे खरं. मग दिवसभर तिचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत बसतात.

वयाचं असेल. डॉक्टरांकडे न्यायला हवं. पडले-बिडले असतील वर, आणि मला सांगत नसतील.

१६ मार्च, रविवार

जेवायला बसलो होतो. वरून टक टक झालं. डबल बेल. ताटलीवर वाजायची तशीच.

मी समोर पाहिलं. ह्यांचे दोन्ही हात टेबलावर होते.

"उंदीर," समोरचे म्हणाले. "लक्ष देऊ नकोस."

मग वरून अगदी क्षीण, "अगं —"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. भाजी वाढली. वाढताना पळी ताटाबाहेर गेली.

१७ मार्च, सोमवार

झडपेखाली खुर्ची टाकून बसलेत. सकाळपासून. शिडीला हात लावला की बघतात.

लेकीला फोन केला. शेजारी येऊन उभे राहिले. मी हवापाण्याचं बोलले आणि ठेवला.

वर माझे हे आहेत आणि उपाशी आहेत. खाली जे आहे त्याला मी बोलावलं, मीच घालवायला हवं. एक शब्द. पण चुकले तर? हे खरंच आजारी असतील, डोक्याला मार लागला असेल, आणि मी माझ्याच माणसाला घरातून "जा" — कायमचं —

वरची बेल आज कमी वाजली.

१८ मार्च, मंगळवार

म्हटलं. डोळ्यांत बघून, नीट ऐकू जाईल असं. "जा."

उठले. रागावले नाहीत. चपला घातल्या — उजवी डाव्यात, डावी उजव्यात. जातंय, खरंच जातंय —

उंबऱ्यावर वळले. पाहुणे हसतात तसे हसले.

"बराय. येऊ का मग?"

आणि मी — मेली ही जीभ — मी म्हटलं, "या."

चपला काढल्या त्यांनी. आत आले.

१९ मार्च, बुधवार

ते निजायच्या खोलीत. ह्यांच्या जागेवर पडलंय, ह्यांची चादर घेऊन. मी बाहेरून कडी घातली. आतून काही आवाज नाही.

स्वयंपाकघर मोकळं. शिडी लावलीय. वरची बेल — आहे, आहे अजून.

एवढं लिहून चढते.

त्याच दिवशी, जरा वेळाने

चढले. झडपेची कडी काढली. ढकलवेना. म्हटलं, अहो, बरे आहात ना?

ह्यांचाच आवाज. दमलेला, पण ह्यांचाच. "अगं, येऊ का?"

रडूच फुटलं. या ना, म्हटलं, या लवकर, केव्हाची —

खाली उतरून वही हातात घेऊन उभी आहे. झडप वर उचलली जातेय. हळू.

आत्ता लक्षात — एवढ्या संसारात ह्यांनी मला कधी विचारलं नाही. येऊ का म्हणून. आपल्याच घरात, आपल्याच माणसाकडे यायला कुणी विचारतं —

खोलीच्या कडीआडूनही तेच. येऊ का. वरूनही. एका सुरात.

वर एक. खोलीत एक. मग माझे हे कु