विरजणाची दवा

अहमदाबाद, ४ फेब्रुवारी २००६

माय,

तुह्या पायावर डोकं ठेवतो. रविता बहिणी, हे मायले मोठ्यानं वाचून दाखव.

माहा खोकला थांबला, माय. लोकाईले नवी जीन्स जुनी दिसाले पाहिजे, म्हणून आमी मशीनमध्ये पॅन्टीसंगं दगड घुमवत होतो. आता ते बंद झाले. धूळ नाही, नालीत गाळ नाही. एन्झाइम नावाची दवा टाकतो, तेच काम करते.

पहिल्या दिवशी मी, तू कपडे धुवाले घेते तसं कडकडीत पाणी सोडलं. दोनशे पॅन्टी जशाच्या तशा निघाल्या. सुपरवायझर ओरडला, "दवा मार डाली तूने!" तवा समजलं, हे तं तुहं विरजण आहे, दूध जास्त गरम असलं का मरते. आता बोट बुडवून पाहतो, मंगच टाकतो. सुपरवायझर थर्मामीटर लावते, पण माहं बोट चुकत नाही.

मुर्रीच्या वावरात उन्हाळी धानाचा रोवणा झाला का? बाबाचे गुडघे कसे आहेत?

रविता, पुढचं मनातच वाच. दवा पॅन्टीचा रंग काढते, पण तो खात नाही. कारखान्यामागचा नाला अजून निळाच वाहते, हे मायले सांगू नको. काल त्यात बगळा उतरला, तेवढं सांग.

तुमचा,
ओमेश्वर