मीटरमधला उजेड

सोमवार, ३

नवं गाव, नवी नोकरी आणि गॅरेजच्या वरच फुकटात खोली! देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. इथे छप्पर त्याआधीच फाटलेलं होतं, पण तक्रार नाही. मालक हसतमुख आहेत. म्हणाले, वायरिंगचा माणूस हवाच होता, बाकीचे सगळे पान्हेबहाद्दर. अट एकच घातली. या गॅरेजात कुठलीही वायर 'डायरेक्ट' करायची नाही. बिघडलेला भाग दुरुस्त करायचा, त्याला वळसा घालून काम उरकायचं नाही. मी मान डोलावली. एकवीस वर्षांत कितीदा डायरेक्ट केलंय, ते काही बोललो नाही.

खोलीच्या खिडकीत एक माणूस बसेल एवढा कट्टा आहे. चिमणी असती तर तो तिनं पहिल्याच दिवशी पटकावला असता. माझी लेक. दोन वर्षं झाली तिला जाऊन. इथे कुणाला सांगायचं नाही, असं ठरवून आलोय.

मंगळवार, ४

पहिलं काम मिळालं. एक निवृत्त नर्सबाई जुनी निळी गाडी घेऊन आल्या. त्यांना ती विकायचीय, पण मीटरचा उजेड इतका मंद की वेगाचा काटाच दिसत नाही. गिऱ्हाईक बघतं आणि नाक मुरडतं. गाडी त्यांच्या यजमानांची. ते गेल्या महिन्यात गेले, गाडीतच, बसल्या जागी झोपेत.

मीटर बाहेर काढला. आत चार बल्ब, चारही काजळलेले. होल्डरची पितळी टोकं गंजलेली होती, ती घासली. नवे बल्ब बसवले, आतली धूळ पुसली. तपासायला अंधार हवा म्हणून भरदुपारी शटर ओढून घेतलं. आकडे लख्ख! स्वतःवरच खूश होऊन दोन कप चहा प्यालो.

बुधवार, ५

सकाळी उजेड पुन्हा मंद. उजेड कमीजास्त करायचं एक बारकं चाक स्टिअरिंगच्या बाजूला असतं, ते पार खाली फिरवलेलं होतं. नव्या माणसाची मस्करी चालते, म्हटलं चालू दे. वर केलं. जेवून आलो तर पुन्हा खाली. मग चाक खोललं, आतली तार साफ केली, स्प्रिंग आवळली आणि शटर ओढून आत बसलो.

माझ्या डोळ्यांदेखत चाक फिरलं. अडखळत, थांबत, एखाद्या लहान बोटानं जोर लावून फिरवावं तसं.

मालक बाहेरगावी होते. मी चाकाला वळसा घालून दोन वायरी जोडल्या आणि वर टेप गुंडाळली. डायरेक्ट! आता फिरव म्हणावं कितीही.

शुक्रवार, ७

आज शेजारच्या सीटवर कुणीतरी कुरकुरलं. झोपमोड झालेलं पोर कुरकुरतं तसं. मीटरचे आकडे पुढच्या काचेत उमटतात. त्यांच्यामध्ये एक लहान चेहरा होता. वळून पाहिलं तर सीट रिकामी, पण गादी दबलेली.

बाईंना फोन केला. काचेतल्या चेहऱ्याचं सांगितलं. मग त्या बोलल्या. त्यांची लेक सहा वर्षांची होती. तापानं फणफणलेली. वडील तिला याच गाडीतून इस्पितळात नेत होते. डोळ्यांवर उजेड येतो म्हणाली म्हणून त्यांनी चाक खाली केलं. ती शांत झाली. पोरीला झोप लागली म्हणून त्यांना बरंच वाटलं. पोचले तेव्हा ती गार पडली होती. पुढची तीस वर्षं ते रोज दुपारी गाडीत जाऊन बसायचे.

शेवटी बाई म्हणाल्या, उजेडाचं राहू द्या, होती तशी करून ठेवा, उद्या नेते. मी खोटं बोललो. म्हटलं, एक भाग यायचाय, बुधवारी या.

रविवार, ९

सुट्टी. गॅरेजात कुणी नाही. दिवसभर गाडीतच बसून आहे. उजेड असला की ती दिसते, म्हणून उजेड चालू ठेवलाय. डोळे चोळते. लाल झालेत. मला बाबा म्हणते.

चिमणीच्या वेळी इस्पितळातून फोन आला, तेव्हा माझे दोन्ही हात एका मीटरखाली अडकलेले होते. एवढा होल्डर बसवतो आणि मग उचलतो, म्हटलं. दहा मिनिटं. तेवढ्यात ती बाबा कुठाय विचारून गेली.

ही माझी नाही, मला कळतं. पण हाक तीच आहे.

मंगळवार, ११

ती झोपत नाही. चार दिवस झाले. रडते, पण आवाज नाही, नुसते ओठ हलतात. मालक परत आले, त्यांनी टेप पाहिली. ओरडले नाहीत. सामान आवर म्हणाले.

बाई उद्या येणार. मी हिला कशासाठी जागं ठेवलंय? चिमणीलाही मी दोन वर्षं असंच — रोज हाका मारून —

बुधवार, १२

शटर ओढलंय. वही स्टिअरिंगवर ठेवलीय. मीटरच्या उजेडात लिहितोय.

टेप सोडली. वायरी कापल्या. चाक तिला परत दिलं.

फिरलं. थोडंसं.

तिनं माझं डाव्या हाताचं बोट धरलंय. गार आहे हात. केवढासा. जांभई दिली.

ऐंशीचा आकडा गेला. साठ अजून दिसतो.

म्हटलं, झोप बाळा, बाबा इथेच आहे, कुठे जात नाही. चिमणीला एवढंच सांगायचं राहिलं होतं —

बोट सोडवून घेतो. बाई येतील. सुटत नाही. ओढलं तर आणखी घट्ट —

तिचे वडीलही असेच —

वीस. लिहिलेलं दिसत नाही. मलाही आता डोळ्यांवर झोप —