खाट नंबर सातच्या फेऱ्या

रविवार, संध्या. ५
उद्या ऑपरेशन. आतड्याचा वीतभर तुकडा काढणार. सिस्टरने खाटेशी तक्ता लावला: फेऱ्या किती, फुप्फुसाच्या व्यायामाच्या डबीतले तीन गोळे श्वासाने किती ओढले, गॅस सरला का. खुणा आपणच करायच्या. सगळं जमलं तर चौथ्या दिवशी घरी. तीस वर्षं परीक्षेत कॉप्या पकडणाऱ्याला हे काय अवघड? शेजारच्या खाटेवर एक शिंपी. त्याचंही उद्याच. बिचारा.

मंगळवार, दु. ४
जीव जातोय. शिंपी पोटाला उशी दाबून चालतोय. आठ फेऱ्या! अंगाचा तिळपापड झाला. बायकोला म्हटलं, नवरा-बायको काय वेगळे असतात? तू चाल, मी खुणा करतो. तिने नऊ मारल्या. गोळेही तिनेच ओढले, तिन्ही एका दमात. आमच्या घरात फुप्फुसं उत्तम आहेत. उद्यापासून मी स्वतः.

बुधवार, स. ९
गॅस सरला का, सिस्टरने विचारलं. शिंपी लाजत हो म्हणाला. मीही हो म्हटलं. दोनदा, म्हटलं. पोट तट्ट आहे, पण आज ना उद्या सरणारच की. मोठ्या डॉक्टरांनी तक्ता पाहून शाबासकी दिली, जेवण सुरू केलं. शिंप्यापेक्षा एक वाटी जास्त मागितली. बायको म्हणते, अहो, खरं सांगून टाका. हिला महत्त्वाकांक्षा म्हणून नाहीच.

गुरुवार, स. ११
हिरव्या उलट्या. नाकातून नळी. शिंपी घरी गेला. जाताना म्हणतो, काका, तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त चाललात! आगाऊ.

गुरुवार, दु. २
डॉक्टर म्हणाले, एवढं चालणाऱ्या माणसाचं पोट एकाएकी फुगलं म्हणजे आतला टाका सुटला असणार. स्कॅनमध्ये नीट कळत नाही, पुन्हा उघडावं लागेल. तक्ता खरा आहे ना, असंही विचारलं. त्यांच्या सहा विद्यार्थ्यांसमोर! म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ. बायको तोंड उघडणार, तोच डोळे वटारले. संमतीच्या कागदावर सही केली. घाबरायचं कारण नाही. आत गेल्यावर भूलतज्ज्ञाच्या कानात हळूच सांगेन. ठरलं.

शनिवार
भूलतज्ज्ञ म्हणजे एक बाई निघाल्या. बाईमाणसाशी गॅसबद्दल काय बोलणार?
आत सगळं ठीक होतं. एकही टाका सुटला नव्हता. आतडं नुसतं सुस्तावलं होतं. चालला असतात तर बरं झालं असतं, डॉक्टर म्हणाले.
बायकोने सिस्टरला सगळं सांगितलं म्हणे. थिएटरचं दार बंद झाल्यावर. आधी का नाही बोललात, असं सिस्टरने विचारलं, तर म्हणाली, आमच्याकडे त्यांचा शब्द मोडायची पद्धत नाही.
बायकोची ऑफिसातली रजा संपली. आज आलीच नाही.
रडू आलं. रडताना टाके ओढले जातात, म्हणून तेही अर्ध्यावर सोडलं.